कातडी बांधणीचे निकाल

४ मार्च १८८९
सिडनीच्या मेलबोटीने लंडनच्या कोर्टांतल्या छापील निकालांचा गठ्ठा आला. या बेटावरच्या कोर्टालाही आता ताजा कायदा कळणार. पण अवस्था बघवत नाही. सुटे कागदी अंक, कडा दमट. इथली झुरळं फडशा पाडतील. संकल्प: पॅसिफिकमधली सर्वोत्तम लॉ लायब्ररी एडविन थ्रिप, रजिस्ट्रार, याच्या हातून उभी राहणार. शिवाय रोज जेवणानंतर एक अंक वाचायचा. आजपासूनच.
आज सुरण जड गेलं. उद्यापासून.

९ मार्च
चीफ जस्टिस गार्साइडसाहेब अंक घरी न्यायला आले. नकार दिला. चहाचा कप हाताला येईल त्या कागदावर ठेवणारा माणूस! म्हटलं, नोंदणी झाल्याशिवाय पुस्तक बाहेर जात नाही, नियम आहे. नियम नव्हता. संध्याकाळी लिहून काढला.

१८ मार्च
सगळे अंक सिडनीला बांधणीला रवाना. वासराचं कातडं, पाठीवर सोनेरी अक्षरं. साहेबांना बोललो नाही. बघून थक्क होऊ देत. वाचन बांधणीनंतर. सुटे अंक वाचून डोळे बिघडतात.

२ एप्रिल
नारळाच्या मळ्यावर खून. एक गोरा कारकून शेडमध्ये मेलेला सापडला. पाहिलं कुणीच नाही. पण नालाऊ नावाच्या तान्ना बेटावरच्या मजुराने मुकादम लस्कजवळ कबुली दिली. चला, सोपी केस. कपाटाचं माप घेतलं.

२४ एप्रिल
खटला उभा राहिला. आरोपीला वकील नाही. इथे मिळतो कुठे? आमचा दुभाषा तोमासी फिजीचा, पण मजुरांच्या जहाजावर राहून तान्नाची भाषा शिकलेला. त्याच्यामार्फत नालाऊ म्हणाला, "मुकादम बोलला, हो म्हण, पुढच्या बोटीने तुला आणि बायकोला घरी पाठवतो. म्हणून हो म्हटलं. मी मारलं नाही."
लस्कने आमिष दाखवल्याचं मान्य केलं. वर म्हणाला, "त्याशिवाय ही माणसं तोंड उघडतात होय?"
कोर्टात हशा. मीही हसलो, बेताने.

२५ एप्रिल
साहेबांनी चेंबरमध्ये बोलावलं. म्हणाले, "थ्रिप, असल्या कबुलीवर लंडनला अलीकडेच काहीतरी ठरलंय, असं कानावर आहे. तुमच्या गठ्ठ्यात आहे का? बघायला वेळ हवा असेल तर निकाल पुढे ढकलतो."
बांधणीचं सांगणार होतो. पण मग साहेब विचारणार, कुणाला विचारून पाठवलेत? म्हटलं, "सगळं पाहिलंय साहेब. तसं काही नाही."
"खात्री?"
"अगदी."
खोटं म्हणता येणार नाही. पार्सल बांधताना प्रत्येक अंक माझ्या डोळ्यांखालून गेला होता.

२६ एप्रिल
फाशी. तोमासीने भाषांतर केल्यावर नालाऊने त्याला काहीतरी विचारलं. नंतर कळलं, "बोट कधी आहे?" असं विचारत होता. बिचाऱ्याला कायद्याचा गंध नाही.

१४ मे
सकाळी झालं. कायद्याने मला हजर राहणं भाग होतं. दोर पावसाने ताठरला होता, वेळ लागला. नाश्ता गेला नाही. बहुतेक डब्यातली मासळी शिळी असावी. संकल्प: डब्यातली मासळी बंद.

३ जून
पुस्तकं आली! काय सुरेख काम! साहेबांना चहाला बोलावलं. त्यांनी एक खंड उचलला, उभ्यानेच वाचत राहिले. मग एक पान मोठ्याने वाचून दाखवलं: वरच्या माणसाने सुटकेचं आमिष दाखवून घेतलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही; दुसरा पुरावा नसेल तर आरोपीला सोडलं पाहिजे.
विचारलं, "हे कधी आलं होतं?"
"मार्चमध्ये."
मी सिडनी, झुरळं, दमट हवा, सगळं समजावलं. ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "लंडनला मी कळवतो. त्याच्या बायकोला तुम्ही सांगायचं. मी नाही, तोमासी नाही. तुम्ही."
थोडा त्रागाच म्हणायचा. एवढं काम करून बांधणीबद्दल एक शब्द नाही.

९ जून
नालाऊची बायको नेपीन मळ्यावरून चालत आली. खुर्ची दिली, ती जमिनीवर बसली. ते पान मी सावकाश वाचलं, तोमासी सांगत गेला. मग कायद्याची गुंतागुंत समजावली. निकालाचा अर्थ लावावा लागतो, दोन्ही बाजू असतात, अंतर फार, टपाल अनियमित, दोष कुणा एकाचा नसतो. चांगलं बोललो असं वाटतं.
तिने एकच प्रश्न विचारला. तोमासी म्हणाला, "विचारतेय, या कागदाप्रमाणे तो घरी आला असता का?"
म्हटलं, "तिला सांग, हे हो किंवा नाही असं सांगण्याइतकं सोपं नसतं."
तोमासी एकच शब्द बोलला. ती उठली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि निघून गेली.
मी विचारलं, "एवढं सगळं एका शब्दात कसं सांगितलंस?"
तोमासी म्हणाला, "हो म्हटलं, साहेब."