तळं रोज विचारतं

४ मार्च
पोचले! पुनो शहराहून नऊ तास, ट्रकमध्ये पोत्यांवर बसून. कंबर मोडली, पण गाव बघून जीव हरखला. आरोग्यकेंद्राच्या दोन खोल्या, खिडकीतून दिसणारं काळंशार तळं. दाई बासिलियाने सुकवलेल्या बटाट्यांचं सूप दिलं नि म्हणाली, "एवढीशी तू, वारा उडवून नेईल गं तुला!" माझं काम म्हणजे गरोदर बायकांना दहा प्रश्न विचारायचे. मन खचलेलं दिसलं तर वेळीच उपचार.

९ मार्च
अकरा जणी झाल्या. झोप, रडू, धास्ती, सगळं मोकळेपणी सांगतात. दहावा प्रश्न, जीव द्यावासा वाटतो का, आला की प्रत्येकीची मान तळ्याकडे वळते. आठवा महिना लागलेली सातुर्निना तर हसलीच. म्हणाली, "हे ती रोजच विचारते, सिस्टर. तुम्ही दुसऱ्या."

१२ मार्च
बासिलिया सांगते, धुकं उतरलं की तळ्यातून बाईचा आवाज येतो. दोन वर्षांत तीन गरोदर बायका पाण्यात गेल्या. तिघींच्या कागदांवर केंद्रप्रमुख विल्बेरसाहेबांनी न विचारताच "मन स्वस्थ" लिहिलेलं. मी जाब विचारला. म्हणाले, बायकांची थेरं ती, दहाव्यापुढे शून्य टाका नि सुटा.
नाही टाकणार. जिल्ह्याला फोन केला. डॉक्टरीणबाई गुरुवारी, १९ तारखेला येतील.

१५ मार्च
घरोघर जाऊन पुन्हा विचारतेय. परतताना धुकं. मागून कुणीतरी दहावा प्रश्न विचारला.
आवाज माझाच होता.
"नाही!" म्हणून ओरडले. पळाले नाही.

१८ मार्च, भरदुपारी
सातुर्निनाचं दार सताड उघडं. नवरा अल्पाकांच्या कळपामागे कुरणावर. बासिलिया नि मी तळ्याकडे धावलो — ती छातीभर पाण्यात — केसांना धरून बाहेर ओढली. पोटातलं बाळ हलतंय.

केंद्रात आहोत. बासिलिया दाराला पाठ लावून. सातुर्निना माझ्या कुशीत, पहिल्यांदाच रडतेय — "हो, वाटतं. रोज वाटतं." म्हटलं, बोल बाई, सगळं बोल, मी कुठे जात नाही.

पायरीवर पाणी ठिबकतंय. दारापलीकडून पुन्हा तोच प्रश्न. माझ्या आवाजात.

मी म्हटलं, थांब. आज विचारणार मी. नाव काय तुझं? झोप लागते का?

बाहेरची गप्प झाली! बासिलिया पुटपुटली, "विचार पोरी, तिला कुणी कधी विचारलंच नाही."

रडू येतं का — कडी हलतेय — हलू दे — कशाची भीती वाट—