कोपरा धर

६ जानेवारी, सोमवार

मशीन आलं. जळगावहून टेम्पोत, गोणपाटात गुंडाळून. मला कुणी विचारलं? छे! आग्रा रोडवर सगळे ‘अभिमनभाऊंचं फोटोफ्रेमचं दुकान’ म्हणतात, म्हणू देत. पण त्या दुकानात कोपरा कोण धरतं?

लग्न होऊन धुळ्यात आले तेव्हापासून हेच काम. हे पट्ट्या तिरक्या कापतात, मी दोन टोकं जुळवून घट्ट धरते, हे खिळा ठोकतात. दिवसभरात यांच्या तोंडून दोनच शब्द – “कोपरा धर.” गोडगोड बोलणं यांच्या रक्तातच नाही. मला तेवढं पुरायचं.

आता हे धूड. पट्ट्या ठेवा, पायडल दाबा, खालून पिना वर येतात आणि कोपरा पक्का. धरायला माणूस लागत नाही म्हणे. मग मी काय करू? काचा पुसत बसू?

७ जानेवारी, मंगळवार

मशीन बसवायला बाई आली! हिना. जळगावच्या भंवरलालशेठची मुलगी – ज्यांच्याकडून आम्ही पट्ट्या घेतो ते शेठ. केस खांद्यापर्यंत कापलेले, हातात पाना. यांना ‘अभिमनभाऊ’, मला ‘वहिनी’. भाऊ म्हटलं की झालं, सगळं माफ!

दिवाळीपासून हे माझ्याशी बोलले नसतील तेवढं एका सकाळी तिच्याशी बोलले. पिना कुठल्या घालायच्या, दाब किती ठेवायचा, पायडल आणखी हलकं होईल का. हलकं कशाला? यांचे पाय काय कमी दणकट आहेत? तिला जड जात होतं, म्हणून!

आणि चहा. माझ्या हातातला कप घेऊन स्वतः नेऊन दिला. मला आजवर पाण्याचा पेला दिलेला आठवत नाही. अर्धा चहा बशीत सांडला. हात थरथरत होता यांचा – या वयात! तिने पटकन कप धरला, यांच्या बोटांवरूनच. मेलीला जराही संकोच नाही.

आता कळतंय सगळं. गेल्या महिन्यात हातोडी माझ्या अंगठ्यावर बसली. नख अजून काळं आहे. इतक्या वर्षांत कधी असं झालं नव्हतं. लक्ष कुठे होतं मग? ‘पट्ट्या बघून येतो’ म्हणून सारखे जळगावला जात होते, तिकडेच!

८ जानेवारी

मशीनची पूजा केली. जळफळत असले तरी रीत सोडणार नाही मी. हळदकुंकू, स्वस्तिक, नाडा बांधला आणि नारळ फोडला – मशीनच्याच लोखंडावर. चांगला दणकून. बरं वाटलं.

९ जानेवारी

घ्या! नारळाचं पाणी आणि कुंकू पिनांच्या खाचेत गेलं. पायडल दाबलं तर पीन वर येईना. हे नुसते माझ्याकडे बघून हसले आणि फोन लावला – “हिनाताई, पुन्हा यावं लागेल.”

म्हणजे मीच बोलावली की तिला परत! आपल्याच पायावर धोंडा.

१० जानेवारी, शुक्रवार

लिहू की नको. पण इथे नाही लिहिलं तर कुणाला सांगू?

रात्रीच यांनी फर्मान सोडलं होतं, पाहुणी येतेय, भरीत कर. वर म्हणाले, कांदा-लसूण घालू नको, जैन आहेत ते, चालत नाही त्यांना. बघा, किती लक्षात! मला शेवगा सोसत नाही हे अजून माहीत नाही यांना. तरी केलं. हिरवी मिरची, कोथिंबीर, शेंगदाणे. कळण्याच्या भाकऱ्या थापल्या. डबा घेऊन दुकानात गेले तर ती मशीनपाशी ताठ उभी, आणि हे खाली उकिडवे. जमिनीपासून टेप धरलेली. टेपचं दुसरं टोक तिच्या कोपराला!

मी दारातच थांबले.

हे म्हणाले, “हात जरा वाकवा ताई, कामाला वाकवतो तसा.” आकडा यांनी सांगितला, पेन्सिलने लिहून घेतला तिने. आणि मशीनखालच्या लाकडी घोडीचे पाय कापायला घेतले. आमचं माणूस दारात वाकून आत येणारं, ताडासारखं. ती घोडी आता यांच्या मांडीलाही लागणार नाही. यांच्या दुकानात, यांचं मशीन, तिच्या मापाचं!

डबा आपटला आणि परत आले. वांग्याचं भरीत ती जैन बाई खात असेल-नसेल, मला काय.

११ जानेवारी

अबोला.

१३ जानेवारी, सोमवार

दुकानात गेले नाही. शेजारच्या इंदिराबाई तिळगुळाच्या निमित्ताने आल्या. आत पाऊल टाकत नाहीत तोच म्हणतात, तुमच्या दुकानात कोण ती पोरगी, मालकीणच वाटते बाई! जखमेवर मीठ चोळायला या बाईंना पंचांग लागत नाही. मी सांगितलं, मशीन शिकवायला येते. कुणाला शिकवते, त्यांनी विचारलं.

खरंच, कुणाला? हे तर एकदाही पायडलवर पाय ठेवताना दिसले नाहीत.

१४ जानेवारी

संक्रांत. वाण, सुगडं, सगळं केलं. यांनी तिळगूळ पुढे केला, “गोड बोल.” घेतला आणि तोंड फिरवून खाल्ला. तो भरवायचाही धड जमला नाही यांना, दोन लाडू खाली पडले. यांना उचलू दिले नाहीत, मीच उचलले.

१५ जानेवारी, बुधवार

सकाळी स्पष्टच विचारलं. ती येणार का रोज मशीनवर? तसं असेल तर मी एरंडोलला, माहेरी जाते. भावाची बायको काही म्हणणार नाही. नाही म्हणायला काय जातं माणसाचं? एक शब्द! तोही नाही. चपला घालून गेले. चपलेचा पट्टा लावायला केवढा वेळ लावला, मी बघत होते. वाटलं, थांबतायत, वळतील. वळले नाहीत.

पिशवी भरली आहे. उद्याची सकाळची एसटी.

१६ जानेवारी, गुरुवार

गेले नाही.

निघताना हे आडवे आले. ओट्यावर हात ठेवला, नुसता ठेवला, आणि तो हलतच राहिला. कधी नव्हे ते माझं नाव घेऊन म्हणाले, “मन्हा हात आते ऐकत नही, माला.” हातोडी पुन्हा माझ्या अंगठ्यावर बसेल या भीतीने मशीन घेतलं. हिना उंचीला माझ्याएवढीच आहे, म्हणून तिला उभं करून माप घेतलं. मला उभं केलं असतं तर मी विचारलं असतं, आणि मग यांना सांगावं लागलं असतं.

तिला आधी सांगितलं, मला नंतर. त्याचा राग आहे अजून. राहू दे.

दुकानात गेलो. मशीनपुढे उभी राहिले. बरोबर माझ्या कोपराला लागतं. पायडल हलकं आहे. हे काचा पुसायचं फडकं घेऊन बाजूला उभे राहिले.

या मशीनला कोपरा धरायला कुणी लागत नाही. तरी मी म्हटलं, “कोपरा धरा.”