पायाखालचा ब्रेक

पहूर, रविवार

प्रिय डिंपल,

शेजारच्या प्रमिलाबाईंचा भूषण उद्या नाशिकला येतो आहे, त्याच्याजवळ पिशवी देतो आहे. वर केळीचे वेफर्स, खाली हे पत्र. फोन का केला नाही म्हणशील. मी तुला फोन लावला की तुझी आई तो स्पीकरवर टाकायला लावते, आणि हे तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही. आत्ता ती प्रमिलाबाईंकडे पापड लाटायला गेली आहे, तेवढ्यात लिहून काढतो.

काल गाडीचं ब्रेक ऑइल बदलायला घेतलं. तक्रार तिचीच होती. बचत गटाच्या कामाला ती गाडी घेऊन जामनेरला जाते, हे तुला माहीत आहे. गेल्या आठवड्यात परत येताना केळीच्या ट्रॅक्टरमागे गाडी थांबता थांबेना, थोडक्यात वाचली. घरी येऊन म्हणाली, ब्रेक उशिरा लागतो. मी स्वतः शेंदुर्णीपर्यंत जाऊन आलो. मला काही जाणवलं नाही. पण हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुनं झालं की तापल्यावर दगा देतं. हे मी कोणा मिस्तरीच्या हाताखाली नाही, वाचून आणि करून शिकलो आहे. गॅरेजला द्यायचा प्रश्नच नव्हता. तिथे ऑइलचा डबा उघडा टाकून चहाला जातात.

आपली रीत तुला आठवत असेल. तुझी आई सीटवर, मी चाकाशी मातीत. पेडलपासून सगळ्यात लांबचं म्हणून मागचं डावं चाक आधी. चाकामागे ब्रेकमधली हवा काढायचा निपल असतो, त्याला सलाईनची नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. मी म्हणायचं ‘दाब’, तिनं पेडल दाबून ‘दाबलं’ म्हणायचं, मग मी निपल सैल करायचा. हवेचे बुडबुडे निघाले की निपल घट्ट करायचा आणि मगच ‘सोड’ म्हणायचं. त्याआधी पाय उचलला तर निपलच्या आट्यांतून हवा पुन्हा आत शिरते. तुझी आई यात कधी चुकली नाही. तू लहान असताना ‘दाब, सोड’ ऐकून सगळी गल्ली हसायची. कालही प्रमिलाबाई कुंपणावरून म्हणाल्या, बायकोच्या पायाशी बसायचा भाऊंचा मुहूर्त निघाला वाटतं. तुझी आईही हसली.

पण काल बुडबुडे संपेचनात. मी नळी बदलली, निपल काढून पुसून पुन्हा बसवला, नवं ऑइल विकणाऱ्या दुकानदाराला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. तिला मात्र एका शब्दानं विचारलं नाही, कारण तिचं ‘दाबलं’ अगदी वेळेवर येत होतं. शेवटी एकदा निपल उघडा असतानाच नळीतलं ऑइल उलटं मागे सरकताना दिसलं. म्हणजे पेडल वर आलेलं होतं. मी म्हणालो, अगं, सोडू नकोस म्हटलं ना. तर आतून आवाज आला, “दाबेलच आहे ना मी.”

मी उठून दारातून वाकून पाहिलं. तिची मान मागे वळलेली, माझ्या हाकेकडे सगळं लक्ष. आणि उजवा पाय पेडलवरून घसरून बाजूला मॅटवर पडलेला. तो मॅटवर दाबून ठेवला होता तिनं, सगळा जोर लावून. तिला खरंच वाटत होतं की पेडल दाबलेलं आहे.

डिंपल, मी गाडीचा दरवाजा धरून उभा राहिलो. ऑइल उडलंय, कातडीला लागू देऊ नये, असं म्हणून चिंधी घेतली आणि तिचा पाय पुसू लागलो. पुसता पुसता पान्याचं टोक तिच्या करंगळीवर टेकवलं, मग चांगलं दाबलं. ती मला गहू निवडायचा राहिलाय ते सांगत होती. सांगतच राहिली.

तेव्हापासून एकेक गोष्ट आठवते आहे. उजव्या पायातली चप्पल जिन्यात सारखी निसटायची, तेव्हा मी चांभाराला बोल लावला आणि मागून पट्टा शिवून आणला. परवा मोरीत तिच्या टाचेतून रक्त येत होतं, तिला पत्ता नव्हता. ट्रॅक्टरच्या मागे गाडीचा ब्रेक उशिरा लागला नव्हता गं. पाय उशिरा पोचला होता, किंवा पोचलाच नव्हता.

साखर आहे, की नस दबली आहे, की मेंदूतलं काही आहे, मला कळत नाही. मोटार रिवाइंडिंगपासून घड्याळापर्यंत मी सगळं उघडून पाहिलं आहे. हे कसं उघडायचं? काल दुपारी डॉक्टरचं नाव काढलं तर ती एवढंच म्हणाली की प्रत्येक बाईचे पाय दुखतात. म्हणाली ‘दुखतात’, आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. तिला थोडं कळलेलं आहे. मी अजून बोललो तर माझी भीती तिला दिसेल, आणि मग ती घाबरेल. म्हणून तू शनिवारी ये. दवाखान्यात नेण्याचं तू ठरव, ती तुझं ऐकते. तोवर तिनं गाडीला हात लावू नये म्हणून मी तिला आणि अख्ख्या गल्लीला सांगितलं आहे की मला, हेमराजला, या वेळी ब्रेक जमला नाही, गाडी जळगावला न्यावी लागेल. प्रमिलाबाई त्यावर खूप हसल्या. हसू दे. आज ती पापडाला गेल्यावर, हे लिहायला बसण्याआधी, मी एकट्यानं चारही निपल उघडून ऑइल थेंब थेंब गळू दिलं आहे आणि सगळी हवा काढली आहे. ब्रेक एकदम चोख आहे. हे फक्त तुला माहीत असू दे.

फाटक वाजलं. तिची चप्पल ओळखू येते, उजवी घासत येते. थांबतो.

तुझाच,
पप्पा