पांढरा टिळा म्हणजे नर

गुरुवार, १८ जानेवारी

सातपैकी पाच अंड्यांत जीव धरलाय. बकुळामावशींनी सांगितलं आणि मोबाइलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरून मलाही दाखवलं — आत लाल रेषांचं जाळं, मधे हलणारा ठिपका. म्हणजे दोघींची खात्री झाली. दोन अंडी कोरी निघाली. बाकीची पुन्हा त्यांच्या खुडूक कोंबडीच्या पोटाखाली सरकवली. तिने मावशींच्या मनगटावर चोच मारली. "मार गो, मार. जशी काय तुझीच आसत," मावशी म्हणाल्या.

तिची नाहीतच. अंडी आमच्या कबरीची. कबरी म्हातारी झाली, आता मोजकीच अंडी देते आणि त्यांवर बसत तर मुळीच नाही. म्हणून शेजारच्या मावशींची खुडूक मागितली.

माझ्या भावजयीने, लक्ष्मीने, माहेराहून, कणकवलीकडच्या वाडीतून, मांडीवर डालगं धरून आणलेल्या कोंबड्यांतली ही शेवटची. लक्ष्मी जाऊन दोन वर्षं होतील. माधव तिच्यामागे खिडकीपाशी बसला तो बसलाच. माझा धाकटा भाऊ, तीस वर्षं पोलिसात बंदोबस्ताला उभा राहिलेला माणूस, आता उठतो तो फक्त कबरीला दाणे टाकायला. कबरी गेली की तेही संपेल.

तेव्हा कबरीची एक तरी लेक या खुराड्यात राहिली पाहिजे. माझं ठरलंय.

शुक्रवार, १९ जानेवारी

लेकच का, ते लिहून ठेवते. डोक्यात गुंता नको.

चाळीत कोंबडा चालत नाही. मागचा कोंबडा पहाटे अशा वेळी आरवायचा की रात्रपाळी करून आलेली माणसं नुकती अंथरुणाला टेकलेली असत. सेक्रेटरी मयूरचे वडीलही त्यातलेच. मयूरने तेव्हाच सांगितलं होतं, "ताई, कोंबडी ठेवा. दोन ठेवा, चार ठेवा. पण एक जरी आरवला ना, तर सगळी जाणार." कमिटीत ठरावही झालाय. त्याच्यावर राग नाही. मीही पेपरात रात्रपाळ्या केल्यात, पहाटेची झोप काय असते ते माहीत आहे.

अडचण ही की पिल्लू नर की मादी हे एरवी डोक्यावरचे तुरे वाढेपर्यंत, महिना-सव्वा महिना, कळत नाही. तोवर माधवचा जीव जडणार आणि मग ते उचलून न्यायचं. ते मला नको.

तोड सापडली ती अशी. कबरीच्या अंगावर काळे-पांढरे आडवे पट्टे आहेत. असले पट्टे कोंबडी फक्त मुलग्यांना देते, मुलींना देतच नाही. मुलींचा रंग बापावर. म्हणजे बाप बिनपट्ट्यांचा, तांबडा घेतला, तर मुलगे डोक्यावर पांढरा टिळा घेऊन अंड्यातून बाहेर पडतात आणि मुली डोक्यावरून काळ्या. पहिल्याच दिवशी निवाडा. मी तीन ठिकाणी वाचलं. तिन्हीकडे एकच मजकूर.

प्रितीकडे तांबडा कोंबडा आहे. आमच्याकडे मुद्रितशोधनाला होती ती प्रिती. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत तळमजल्याला राहते. डिसेंबरच्या शेवटी कबरीला तिच्याकडे सोडून आले होते, नव्या वर्षात परत आणली.

मयूरला सांगितलंय — पिल्लं निघतील त्याच दिवशी नर वेगळे काढीन. तो म्हणाला, "ताई, तुम्ही म्हणताय म्हणजे बातमी पक्कीच."

रविवार, २१ जानेवारी

माधवने विचारलं, "अजून किती दिवस?" एवढंच. पण आपणहून विचारलं.

गुरुवार, २५ जानेवारी

मावशींशी वाटणी ठरली. खुडूक त्यांची, अंडी आमची. त्यांच्या गावी अशी अर्धेली चालते — एकाची कोंबडी, दुसऱ्याची अंडी, निघतील ती पिल्लं निम्मी निम्मी. इथे निम्म्याऐवजी नर त्यांचे, तलंगा म्हणजे माद्या आमच्या. मावशी खूश. वाडीतल्या राखणदार देवाला दरवर्षी कोंबडा लागतो, शिवाय आता जत्रेला त्या जाणारच आहेत. चार तारखेला त्या गावी निघतील त्या महिन्याभरासाठी. खुडूक आणि नर डालग्यातून बरोबर नेतील.

त्यांचं गाव म्हणजे लक्ष्मीचीच वाडी. लक्ष्मीला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलंय. लक्ष्मीची रक्षा सोडून आल्यापासून माधव तिकडे फिरकलेला नाही. मेहुणा रघु दर सणाला फोन करतो. माधव फोन माझ्या हातात देतो.

मावशींनी जाता जाता अंडी न्याहाळली. "निमुळता तो कोंबडो, गोल ती तलंग. ह्यात तीन तलंगो आसत." मी म्हटलं, मावशी, टिळ्यावर जाऊ या. "जा बाय. तुझो पेपर तुझ्याकडे."

सोमवार, २९ जानेवारी

कबरीने पंधरवड्यात अंडं दिलेलं नाही. मावशी म्हणाल्या, आता देणारही नाही. म्हणजे जे काय ते या पाचांत.

बुधवार, ३१ जानेवारी

पाचही फुटली. दुपारपर्यंत सगळी कोरडी, काळी, गुबगुबीत. माधव खुराड्याशी उकिडवा बसला होता. गुडघे दुखतात म्हणून संडासला बसतानाही तक्रार करणारा माणूस तासभर उकिडवा!

मी एकेक उचललं.

पाचही डोक्यांवर पांढरा टिळा.

गुरुवार, १ फेब्रुवारी

पुन्हा पाहिलं. उन्हात नेऊन पाहिलं. आहेच.

माधव म्हणाला, "दोघांचा बारीक आहे. टिकलीएवढा. बाकी तिघांचा पसरट." मी म्हटलं, टिळा तो टिळा, लहान-मोठा असायचाच. त्याने मान हलवली. वरिष्ठांनी सांगितल्यावर हलवायचा तशी.

मयूरला सांगून आले, पाचही नर. त्याचाच चेहरा उतरला. "एक पण नाही? राहू द्या ना ताई महिनाभर, लहान आहेत." मी नाही म्हटलं. शब्द दिला तो दिला. शिवाय महिनाभराने काढणं जास्त वाईट.

रविवार, ४ फेब्रुवारी

मावशी गेल्या. माधवने स्वतः पिल्लं डालग्यात ठेवली, खाली जुनी लुंगी अंथरली, टॅक्सीपर्यंत डालगं उचलून नेलं. मावशींनी त्याच्या गालावरून हात फिरवला. "तू पण चल रे. रघु वाट बघता." तो म्हणाला, "बघू."

वर येऊन खिडकीपाशी बसला. कबरीला दाणे मी टाकले.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

आजही दाणे मीच टाकले.

बुधवार, ७ फेब्रुवारी

पाचच्या पाच नर. नाणं पाच वेळा उडवून पाचही वेळा छापा. पडतो, पडत नाही असं नाही. पण डेस्कवर अशी बातमी आली असती तर मी बातमीदाराला आधी एक विचारलं असतं — बाप कोण, हे तू पाहिलंस का?

मी पाहिलं नव्हतं. कबरीला सोडून आले आणि तांबडाच बाप असं धरून चालले.

प्रितीला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, मी तेव्हा पेणला होते आईकडे. अमित होता घरी. थांब, देते."

अमित, तिचा नवरा, मोकळा माणूस. "हो ताई, तुम्ही सांगितलं तसंच तांबड्यापाशी सोडली होती. पण तो फार टोचायचा हो तिला. कोपऱ्यात बसून राहायची बिचारी. मग मी तिसऱ्या दिवशी कबऱ्याकडे सोडली."

"कबरा? तुमच्याकडे कबरा कोंबडा आहे?"

"आहे की. हिच्यासारखाच, पट्ट्यांचा. म्हटलं, सारख्या रंगाची आहेत, जोडा शोभेल. आणि काय सुखात राहिली ताई! एका ताटात जेवायची."

मी पट्ट्यांचं पुन्हा एकदा विचारून घेतलं. तो म्हणाला, "काही चुकलं का? स्थळ चांगलं होतं."

बाप पट्टेवाला तर पट्टे त्याच्याकडून सगळ्याच पिल्लांना. मुलगेही टिळ्याचे, मुलीही टिळ्याच्या. फरक असलाच तर टिळ्याच्या आकारात — मुलींचा बारीक. हे त्याच तीन ठिकाणी लिहिलेलं होतं. पुढच्या परिच्छेदात. माझ्या कामाचं नाही म्हणून सोडून दिलं होतं.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

आधी माधवला सांगितलं. चहा झाल्यावर, सरळ. बाप वेगळा होता, माझा निवाडा चुकला, तू म्हणालास ती बारीक टिळ्याची दोन बहुतेक तलंगा आहेत.

त्याने उठून खिडकी लोटून घेतली. पलीकडच्या चाळीच्या जागी टॉवरचं काम चालू आहे, त्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "म्हणजे तिच्या लेकी तिकडे गेल्या."

"आणू परत."

"मावशींना फोन लाव."

लावला. तिकडे जत्रेची गडबड. मावशी म्हणाल्या, पिल्लं मजेत आहेत, अंगणभर धावतात. "दोन माझ्या भाचीक देऊचं म्हणतंय, सावंतवाडीक. ती बारकी बारकी गोजिरवाणी आसत ना, ती."

बारकी बारकी. मी म्हटलं, मावशी, एकही कुणाला देऊ नका. कुणालाही नाही. सगळं समजावलं. ढोलाच्या आवाजात दोनदा सांगावं लागलं. मग मावशी, "पण भाचीक शब्द दिलंय गो. ती परवा येतली. आणि तूच म्हणालंस ना नर म्हणान?"

"मीच म्हणाले. चुकले. फक्त तुरे दिसेपर्यंत थांबा. भाचीला मी फोन करते."

नंबर घेतला. भाची शाळेत शिक्षिका आहे, नाव शेवंती. संध्याकाळी बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नर निघाले तर मला द्याल ना?" हो म्हटलं. इतकं सोपं निघेल असं वाटलं नव्हतं.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

मयूरच्या दारावर गेले. जे सांगितलं ते चूक होतं, पाचांत दोन मादी असाव्यात, मार्चमध्ये तुरे पाहून फक्त त्या परत आणणार.

तो हसायला लागला. "ताई, पेपरात दुरुस्ती आतल्या पानात तळाला येते. तुम्ही दारावर घेऊन आलात." मग म्हणाला, "आणा. पण ओळखणार कोण? मावशी परत अंड्याच्या आकारावर जातील."

खरं आहे. मावशी अंडी बघतात, रघु दिवसभर कलमांच्या बागेत. मला प्रवास जमत नाही, कंबर बसू देत नाही. तरी जाणार. तिकीट बघते.

शनिवार, १० फेब्रुवारी

जेवताना माधवला सांगितलं, मार्चच्या पहिल्या आठवड्यात जाऊन येते. तो म्हणाला, "तुला कळणार नाही कुठली कुठली ते."

"टिळ्यावरून कळेल."

"टिळे जातील पिसं आली की. मला चालीवरून कळेल."

 मग पानातला सगळा भात संपवला.

रविवार, ११ फेब्रुवारी

माधवने रघुला फोन केला. स्वतः. मी स्वयंपाकघरात थांबले, बाहेर आले नाही. बोलणं फार नव्हतं. "हो", "हो रे", "जेवण साधंच कर". आणि एकदा, बऱ्याच वेळाने, "तिची खोली तशीच आहे का?"

मंगळवार, १३ फेब्रुवारी

माधव सकाळी गेला. कबरीलाही डालग्यात घालून नेलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तुरे दिसतील, तेव्हा फोन करतो म्हणाला. परतीचं तिकीट काढू का विचारलं, तर पायात चपला सरकवत म्हणाला, "नको. तिकडे कोंबडे आरवले तरी चालतात."