घरचंच गाणं

आरमोरी,
१२ फेब्रुवारी २०२५

पूनमच्या बाबांना नमस्कार.

मी बरी आहे. तुम्हीही लेकीकडे कोरपन्याला बरे असाल. धानाच्या बांधीतलं लाखोळीचं पीक उपटायला आलं आहे. मार्कंड्याच्या जत्रेतल्या नाटकात पेटी वाजवायला तुम्हालाच बोलावलंय. मी हो म्हणून ठेवलं, रागवायचं तर रागवा.

फोन उचलत नाही, म्हणून पत्र.

सिमेंटच्या जाहिरातीत मी म्हटलेलं आपलं धानरोवणीचं गाणं वाजलं, मोबाइलवर त्याखाली ‘पारंपरिक’ दिसलं, आणि तुम्ही ताटावरून उठून गेलात. मी तुमचं नाव मुद्दाम दाबलं असं तुम्हाला वाटतं. मला तरी काय मिळालं? एक साडी, तीही रंग जाणारी.

परवा बचत गटाच्या बायांनी तेच गाणं म्हणून मोबाइलवर टाकलं. दुसऱ्या दिवशी गायब! गाणं कंपनीच्या मालकीचं आहे म्हणे. माझं तर डोकंच चालेना. गाणं कोणाचंच नाही म्हणून तुम्हाला पैसे नाहीत, मग ते कंपनीचं कसं झालं? गुणवंतराव मास्तरांनी दोनदा समजावलं, शेवटी तेच गोंधळले.

आता खरं सांगते. रेकॉर्डिंगवाल्याने विचारलं होतं, गाणं कोणी बांधलं? तुम्ही वडशाला नाटकात होता. समोर तुमचे मोठे भाऊ बसलेले. तीस वर्षांत तुमचं नाव तोंडातून निघालं नाही, तेव्हा कसं निघणार? मी म्हटलं, “घरचंच आहे जी.” त्याने काहीतरी लिहिलं, मी न वाचता सही केली. ‘पूनमच्या बाबांनी बांधलं’ म्हटलं असतं तरी भागलं असतं, पण ते मला तो गेल्यावर सुचलं. तुम्हाला सांगायची लाज वाटली, म्हणून गप्प राहिले.

काल कंपनीला फोन लावला. बराच वेळ मशीनच बोलत होती, मग एक बाई आली. बोलणं रेकॉर्ड होतंय म्हणाली. गटाच्या बाया भोवती बसल्या होत्या. मी म्हटलं, “लटारूनं बांधलं. माझ्या नवऱ्यानं. मीच सांगून राह्यली.”

बाया पदरात तोंड लपवून हसल्या. मला मात्र रडू आलं.

ती म्हणाली, ज्याने बांधलं त्यानेच अर्ज करावा, तरी बदल होईलच असं नाही. अर्ज सोबत पाठवते.

तेव्हा नाव घेतलं नाही ते चुकलं, की काल घेतलं ते? मला खरंच समजत नाही. इथे येऊन सांगा.

तुमचं नाव घेतलेली,
रुखमा