गंगेपलीकडची मांजरी

प्रिय झुमुर,

फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी हे कोंबडीच्या पायांचं अक्षर. दुसरीत शाळा सुटलेल्या आजीचं, तुझ्या दिदिमाचं पत्र आहे, चुका काढू नकोस. आधी आनंदाची बातमी. मी मांजरी आणली! तुझी मामी शेफाली म्हणते, म्हातारीला चळ लागला. म्हणू दे.

तुमच्या काठावरच्या त्या अनाथ जनावरांच्या घरातून आणली. बोटीत टोपलीतून अशी केकाटत होती की तिकीटवाला म्हणाला, "दिदा, मांजर नेताय की रुसलेला जावई?" सगळी बोट हसली. घरी आली ती थेट पलंगाखाली. बोलावलं, चुचकारलं, माशाचं डोकं दाखवलं, तर हातावर हा ओरखडा! (माशावरून आठवलं, इलिश अजून बर्फातलाच येतोय. चव म्हणून नाही.) शेफालीचं आपलं चालूच, "आई, ही आपल्या घरात नाही, आपण हिच्या घरात राहतोय." जनावरांच्या घरातल्या मुलीनं मला बजावलं होतं, हाक मारू नका, बघू नका, नुसत्या जवळ असा. मग मी रोज तिच्याकडे पाठ करून केळफूल निवडत बसते. तोंड मात्र चालू. तुझ्या लहानपणीच्या गोष्टी सांगते तिला. दुसरं कोण ऐकतंय?

पौषात दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परतलीस, तेव्हापासून तू इकडे पाऊल टाकलं नाहीस. मधे एवढीशी गंगा. मी घाटावर जाते, समोरून बोट येते, माणसं उतरतात, मी घरी येते. तुझ्याकडे आले होते तेव्हा तू दाराआडून म्हणालीस, "दिदिमा, आज नको." मी पेरू पायरीवर ठेवून परतले. बरं केलंस. खोटं हसली असतीस तर जास्त लागलं असतं.

आज जामाईषष्ठी, लेकरं राखणाऱ्या षष्ठीमायचा दिवस. आत्याबाई रांगापिशी आली, जीभ तीच, विळीसारखी. पलंगाखाली वाकून म्हणाली, "षष्ठीमायचं वाहन ते! राग धरून बसलंय बघ." तू दवाखान्यातून आल्यावर तुझ्या तोंडावर ती जे बोलली, षष्ठीमाय कोपली म्हणून, तेच पुन्हा सुरू करणार होती. मी म्हटलं, "पिशी, आंबा खा आणि तोंड भरलेलं ठेव." शेफाली पदरात तोंड घालून हसली. मग षष्ठीच्या रीतीनं लेकरांना ओला वारा घालायला मी ताडाचा पंखा भिजवून ठेवला, खाली बसले, आणि पाठीला काहीतरी ऊन ऊन लागलं. वळले नाही. ती आपणहून मांडीत येऊन बसली गं! रडू आलं, पण हललेसुद्धा नाही.

झुमुर, आता खरं सांगते. मी नुसती कुठलीतरी मांजरी मागितली नव्हती. शेपूट मोडलेली, तपकिरी, तीच द्या म्हटलं. तुझी पानतुआ. पोटातल्या बाळाला मांजरीनं आजार होतो असं कुणी सांगितलं, म्हणून रडत रडत सोडून आलीस ना, तीच. तिला राग नव्हता गं. नुसती भ्याली होती. मी महिनाभर जवळ बसून पाहिलंय, म्हणून सांगते. आणि जिचं वाहन असं, ती माय कशाला रागावेल? षष्ठीला लेकरांच्या मनगटाला बांधायचा तुझा हळदीचा दोरा देवापाशी आहे, बाळाच्या नावाचाही ठेवलाय. पंखा अजून ओला आहे. सुकला तर पुन्हा भिजवीन. ये, किंवा येऊ नकोस इतक्यात. आलीस तर कुणी काही विचारणार नाही, मी पाठ करून केळफूल निवडत असेन.

तुझीच, आणि आता पानतुआचीही,
दिदिमा