न उकळलेली नळी

मंगळ. ८ फेब्रु. ७७
शेलार गावच्या सखूबाईचा धनुर्वाताचा सहावा दिवस. गवत कापताना पायाला विळा लागला, एवढंच निमित्त. गळ्याला भोक पाडून नळी बसवलीय, श्वास मशीनचा. असलं मशीन आमच्या इस्पितळात एकच. उजेडाने, आवाजाने झटके येतात म्हणून खोलीत अंधार. नवरा धर्मा दाराबाहेर उभा असतो. बस म्हटलं तरी बसत नाही.

गुरु. १०
दुपारी कापडाच्या लूममध्ये हात सापडलेला कामगार आणला. धावपळ. त्यातच सखूबाईचा घसा भरला. कफ ओढायची रबरी नळी दर खेपेला उकळायची असते. स्टो पेटवत बसायला वेळ नव्हता. सकाळच्या वाडग्यातल्या पाण्यात बुचकळली न् तीच गळ्यातल्या नळीतून आत घातली. तीनदा.

शनि. १२
ताप १०२. कफ हिरवट, घाण वास. एक्स-रेत उजवीकडे खाली पांढरा डाग. न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस छाती साफ होती. नळ्यांची स्वच्छता विचारली. मी म्हटलं, सगळं नीट आहे.

रवि. १३
मेट्रनबाई आमच्या वॉर्डातल्या आयाबाईला, हमीदाला, बोलल्या. पेशंटला उताणी ठेवून नाकातल्या नळीने दूध देतेस, तेच छातीत गेलं म्हणून. हमीदाने माझ्याकडे बघितलं. "सिस्टर, मैं तो सर ऊँचा करके देती हूँ ना?"
देते. रोज बघते मी. तरी गप्प.

सोम. १४
डॉक्टरांना सांगून टाकलं. ओरडले असते तर बरं. कशाने झालं ते छातीठोक सांगता येत नाही, म्हणाले. कफ तपासायला पाठवला, इंजेक्शन बदललं. आता चार नळ्या उकळून झाकलेल्या. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा. मेट्रनबाईंनाही सांगितलं, हमीदाची चूक नाही. त्यांनी लेखी मागितलंय. हमीदा बोलत नाही माझ्याशी. बरोबर आहे.

बुध. १६
ताप १००. कफ थोडा पातळ. मशीन कधी सुटेल, सुटेल की नाही, डॉक्टर काही बोलत नाहीत.
धर्माला व्हरांड्यात नेऊन सांगितलं. त्याला समजेल असं, सगळं. तो म्हणाला, "तुमी सांगलं नसतं तर मला कललं असतं?"
"नाही."
खोलीच्या दाराशी गेला, परत आला.
"उद्या सकालची ड्युटी तुमचीच हाय?"
हो म्हटलं. मी असावी म्हणून विचारलं की नसावी म्हणून, विचारायचा धीर झाला नाही.